जुन्या पिकअपची चाल मऊ करायची तर आधी पाटे मोकळे करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९५१ ची शेवरोले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप, पुढेमागे अखंड ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची थप्पी; ही अख्खी स्प्रिंग म्हणजे कमान). गाडी पूर्ण खोलून, रंगवून पुन्हा बांधली आहे. दिसते देखणी, पण रस्त्यावर काढली की साध्या खाचेतसुद्धा दणका थेट मणक्यात जातो आणि मागचा भाग उड्या मारतो. एकाने सांगितलं पुढचा ॲक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं हलेल अशी रचना) बसवा, दुसऱ्याने एअरबॅग (हवा भरलेल्या स्प्रिंगा) सुचवल्या, तिसरा म्हणाला मागचे दोन पाटे काढून टाका. कोणाचं ऐकावं?

सध्या कोणाचंच नको. प्रश्न वाचताना मी ‘रंगवून’ या शब्दापाशी थांबलो. पाटे सुटे करून एकेकाला पावडर कोटिंग करून आणलंत का? तसं असेल, तर पाटे कडक असल्याची शंका सध्या बाजूला ठेवा. ते एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता जास्त आहे. सीटवर बसणाऱ्याला या दोन्ही गोष्टी अगदी सारख्या जाणवतात, म्हणूनच इतका पैसा चुकीच्या जागी जातो.

कमान दबते तेव्हा प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावरून थोडासा सरकतो. त्या सरकण्याला घर्षण आडवं येतं. खड्ड्याचा धक्का त्या घर्षणाला पुरून उरत नाही, तोवर अख्खी थप्पी एका जाड पहारीसारखी वागते. मोठ्या खड्ड्यात ती सुटते आणि काम करते. पण रस्त्यावरचे बहुतेक धक्के लहान असतात आणि ते झेलायला उरतात फक्त टायर. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, फक्त तिला शॉकअप नाही. मग गाडी टायरवर चेंडूसारखी नाचत राहते. शॉकअप बिचारा काही करू शकत नाही, कारण ॲक्सल आणि चेसी यांच्यातलं अंतरच बदलत नाही; तो हललाच नाही तर थोपवणार काय? नवे महाग शॉकअप घालूनही काडीचा फरक पडला नाही, असं सांगणारे मला नेहमी भेटतात. त्यांना मी आधी पाटे दाखवायला सांगतो.

अंदाजाने चालायचं नसेल तर एक मोजपट्टी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं आहे. हौद्याच्या त्या कोपऱ्यावर दोघांनी भार देऊन दाबा आणि अगदी हळूहळू हात सोडा. गाडीला उसळू देऊ नका. जिथे थांबेल तिथे मोजा. आता चेसीखाली जॅक लावून तोच कोपरा तीन-चार सेंटिमीटर वर घ्या (चाक जमिनीवरच राहू द्या), जॅक हळूच पूर्ण खाली सोडा आणि पुन्हा मोजा. गाडी तीच, वजन तेच, म्हणजे दोन्ही वेळा माप जवळपास सारखं यायला हवं. माझ्या हाताखालून गेलेल्या मोकळ्या पाट्यांच्या गाड्यांत हा फरक सेंटिमीटरच्या आत राहतो. गंजलेल्या किंवा जाड रंग चढवलेल्या थप्प्यांत तो तीन-तीन सेंटिमीटर निघालेला मी पाहिला आहे. म्हणजे तेवढ्या टप्प्यात स्प्रिंग नावाची वस्तू गाडीला जवळपास नाहीच. चारही कोपरे मोजा आणि आकडे लिहून ठेवा.

फरक मोठा आला तर पाटे खोलण्याआधी आणखी एक स्वस्त चाचणी आहे. चेसी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घेऊन ॲक्सल लोंबता ठेवा, म्हणजे पाट्यांची टोकं थोडी उघडतात. तिथे पातळ भेदक तेल मारा, रात्रभर झिरपू द्या आणि सकाळी नेहमीच्या रस्त्यावर चक्कर मारा. हा इलाज नव्हे. तेल चार दिवसांत धूळ खाऊन पुन्हा घट्ट होईल. पण त्या एका फेरीत गाडी बदललेली जाणवली, तर रोग कुठे आहे ते कळलं.

पाट्यांना हात घालण्याआधी टायर बघून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. पिकअप म्हटली की लोक दहा-प्लायचे ट्रकचे टायर चढवतात आणि बाजूवर लिहिलेला आकडा गाठेपर्यंत हवा भरतात. तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती हवी ते त्यात नसतं. ८० पीएसआयपर्यंतचा टायर पूर्ण भाराखाली काम करायला बनवलेला असतो; रिकाम्या हौद्याखाली तो लाकडी चाकापेक्षा फार वेगळा वागत नाही. टायरच्या पृष्ठभागावर खडूची आडवी रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडं चालवा आणि बघा: रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. तुम्ही कधीच माल नेणार नसाल तर प्रवासी गाडीचे रेडियल टायर चालतील, पण पिकअपवर त्यांची भारक्षमता १.१० ने भागून धरायची असते. ७५० किलो लिहिलं असेल तर ६८० च्या आसपास समजा. बाजूची भिंत उंच असू द्या. मोठी रिम आणि पातळ टायर दिसायला झकास. पण मग मऊ चालीची अपेक्षा सोडा. टायर नक्षीने नवा पण वयाने म्हातारा असू शकतो, तेव्हा बाजूवरचा तारखेचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आता मूळ काम. चेसी घोड्यांवर, ॲक्सलचं वजन जॅकवर, मग थप्पीला ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट सोडायचे. थप्पीचा मधला बोल्ट नुसता पाना लावून काढू नका. पाटे एकमेकांवर ताणून बसवलेले असतात; शेवटचा आटा सुटताच थप्पी फणा काढते. मधल्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लँप लावा, बोल्ट काढा आणि क्लँप आळीपाळीने थोडे थोडे ढिले करा. पाट्यांचा क्रम आणि दिशा खडूने लिहून ठेवा, नंतर आठवेल असं समजू नका.

सुटे झालेले पाटे उलटे करून बघा. प्रत्येक आखूड पाट्याचं टोक जिथे वरच्या पाट्याला टेकतं तिथे एक खाच पडलेली दिसेल, बोटाचं नख अडकेल अशी. ही खाच म्हणजे दाराला घातलेली खुट्टीच. कमान दबायला लागली की टोक त्या खाचेच्या कडेला अडतं, जोर वाढला की टुणकन बाहेर पडतं, परतताना पुन्हा आत. तुम्ही ज्याला ‘दणका’ म्हणता त्यातला बराचसा भाग हाच. टोकांच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करा, खाचेच्या कडा सपाट उतरवा. ग्राइंडिंगचे ओरखडे पाट्याच्या लांबीच्या दिशेने राहू द्या, आडवा ओरखडा राहिला तर पुढे तिथूनच तडा जातो. खाच खोल असेल किंवा तिच्यात केसाएवढी जरी चीर दिसली, तरी तो पाटा बाद. वेल्डिंगने सांधायचा विचारही नको. पाट्याचं पोलाद उष्णतेने पाणी देऊन तयार केलेलं असतं, वेल्डिंगमुळे ते पाणी उतरतं.

घासणाऱ्या पृष्ठभागांवरून पावडर कोटिंग पूर्ण काढा, कितीही जिवावर आलं तरी. बाहेर दिसणाऱ्या कडा रंगवा, आतल्या बाजूंना ग्रॅफाइटचा पातळ लेप पुरे. त्याहून चांगलं हवं असेल तर पाट्यांमध्ये घालायच्या निसरड्या प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा टोकाखालच्या चकत्या मिळतात. मी शक्यतो पट्ट्याच वापरतो. नुसतं ग्रीस थापलं तर पहिला महिना स्वर्गसुख, नंतर धुळीचा लगदा. ग्रीसच हवं असेल तर थप्पीवर आवरण चढवावं लागतं. बाजूच्या पकडपट्ट्या पुन्हा बसवताना इतक्या आवळू नका की पाटे चिमटीत सापडतील. त्यांचं काम पाटे फाकू न देणं, दाबून धरणं नव्हे. यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणले गेलेले पुन्हा भरवशाचे राहत नाहीत.

शॅकल म्हणजे कमानीचं एक टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा. त्याबद्दल माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या पहिल्या जुन्या पिकअपचे पाटे बसलेले वाटले म्हणून मी त्यांना कारागिराकडून भरपूर बाक काढून घेतला. गाडी उंच झाली, रुबाबदार दिसू लागली आणि पूर्वीपेक्षा वाईट आदळायला लागली. दोन महिने मी शॉकअपला शिव्या घातल्या. मग एकदा खाली आडवा पडलो असताना शॅकलकडे लक्ष गेलं. कमान दबते तेव्हा ती सरळ होत लांबते आणि त्या लांबीला वाट देणं हे शॅकलचं काम. मी बाक वाढवल्यामुळे कमानीच्या दोन डोळ्यांमधलं (टोकांच्या वळवलेल्या कड्यांमधलं) अंतर कमी झालं होतं आणि शॅकलचं खालचं टोक ॲक्सलच्या बाजूला ओढलं गेलं होतं. शॅकल चेसीतून खाली लोंबणारी असेल तर गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना तिचं खालचं टोक ॲक्सलपासून दूर झुकलेलं हवं. ते ॲक्सलकडे ओढलेलं असेल तर बाक जास्त. इतकं झुकलेलं असेल की चेसीला टेकतं, तर पाटे बसलेत. दोन्ही बाबतींत कमानीला लांबायला मोकळी वाट राहत नाही.

शॅकलच्या पिना ग्रीसच्या असतील तर गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस मारू नका, दाबलेल्या बाजूला ते पोचत नाही. भार उतरवा आणि दोन्ही कडांनी ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. एखादी पिन ग्रीस घेतच नसेल तर ती काढून भोक मोकळं केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक अडकलेली पिन सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. रबरी बुश असतील तर उलट नियम: शेवटचा आवळा गाडी पूर्ण वजनानिशी जमिनीवर असतानाच द्यायचा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ खरे, पण तुमच्या कामाला मी रबरच घालीन.

एवढं केल्यावर मगच ‘पाटे कडक आहेत का’ हा प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर वाळूची पोती देतात. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, हौद्यात दीडशे-दोनशे किलो वाळू बांधून ठेवा आणि त्याच रस्त्याने जा. चाल एकदम सुधारली तर पाटे रिकाम्या गाडीला खरंच जड आहेत. नाही सुधारली तर अजून कुठेतरी काहीतरी अडकतंय, मागे फिरा.

यामागचं गणित सोपं आहे. गाडीच्या वजनाने कमान जितकी दबते तितकी तिची लय संथ. २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एकदा हेलकावा देते, १६ सेंटिमीटरवाली साधारण सव्वा वेळा आणि ६ सेंटिमीटरवाली दोनदा. शरीराला सेकंदाला एक ते दीड हेलकावे सुसह्य वाटतात; चार ते आठच्या घरातली थरथर सगळ्यात जास्त बोचते. समजा रिकाम्या गाडीचे मागचे ४०० किलो कमानींना फक्त ४ सेंटिमीटर दाबतात, तर लय अडीचची. त्यावर २०० किलो वाळू टाकली की दाब ६ सेंटिमीटर, लय दोनची. फरक कळतो, पण त्यासाठी वाळू घेऊन हिंडावं लागतं.

आता पाटे काढण्याचा सल्ला या गणितात बसवून बघू. सारख्या जाडीच्या आठ पाट्यांतले दोन काढले तर कडकपणा पाव हिश्शाने उतरतो, पण लय वर्गमुळाच्या हिशोबाने बदलते: अडीचची होते जेमतेम २.२. उरलेल्या सहांवर मात्र ताण एक तृतीयांशाने वाढतो आणि गाडी खाली बसते ती वेगळीच. म्हणून मी एखादाच पाटा काढतो, तोही मालक पुन्हा कधीच माल भरणार नाही असं म्हणाला तरच. डोळ्याचा मुख्य पाटा आणि त्याच्या लगेच खालचा यांना कधीच हात लावायचा नाही. सगळ्यात खालचा, भार पडल्यावरच टेकणारा जाड सपाट पाटा असेल तर तो काढून रिकाम्या गाडीची चाल सुधारणार नाही, कारण रिकाम्या गाडीत तो टेकतच नसतो. खरोखर मऊ कमान हवी असेल तर कमी पाट्यांची, टोकांकडे निमुळती होत जाणारी नवी कमान करून घ्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने घटतो. त्यात पाटे कमी म्हणजे घर्षणही कमी.

मागे मऊ करण्याच्या नादात पुढचं विसरू नका. १९३० च्या दशकात मॉरिस ओली हा अभियंता रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सकडे आला आणि त्याने पुढेमागे वजनं हलवता येतील अशी गाडी बांधून हाच प्रश्न तपासला. निष्कर्ष असा की पुढची कमान मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकांना भेटतो. मागच्यांची लय थोडी जलद असली की ती उशिरा सुरू होऊनही पुढच्यांना गाठते आणि गाडी डोलायची थांबते. तुम्ही फक्त मागचे पाटे मऊ केलेत तर दणके जातील आणि होडीसारखं डोलणं येईल. तेव्हा सफाई चारही थप्प्यांची.

शॉकअप मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला. पाट्यांचं घर्षण हा आजवर एक ओबडधोबड शॉकअपच होता. तो काढल्यावर गाडी पहिल्या दिवशी तरंगायला लागेल आणि जुने शॉकअप किती मेलेत ते तेव्हाच कळेल. ‘हेवी ड्यूटी’ शब्दाला भुलू नका. तो भरलेल्या गाडीसाठी आहे. रिकाम्या वजनाला जुळणारा साधा, दोन नळ्यांचा तेलाचा शॉकअप इथे उच्च दाबाच्या गॅसच्या शॉकअपपेक्षा बरा. तो किती तिरका बसवलाय तेही पाहा. उभ्यापासून ३० अंश कलला की त्याचा परिणाम तीन चतुर्थांशावर येतो, ४५ अंशांना निम्मा. शॉकअपवरच संशय असेल तर ते काढून बंद आवारात माणसाच्या चालीने एका फळीवरून गाडी न्या. दणका गेला तर तो त्यांचाच होता. रस्त्यावर मात्र तशी गाडी काढू नका.

गाडी खाली बसवली असेल तर ॲक्सलच्या वरच्या रबरी ठोकळ्यांवर मळलेल्या कणकेएवढ्या मऊ पुट्टीचा गोळा चिकटवा आणि फिरून या. गोळा चपटा झाला तर तुम्ही कमानीवर चालवत नसून ठोकळ्यावर आदळत आहात.

केबिनखालची रबरं सत्तरेक वर्षांची असतील तर ती दगड झाली आहेत, बदलाच. सीटमधल्या जुन्या स्प्रिंगा तपासा. त्यांना आवर घालणारं काहीच नसतं, त्यामुळे गाडी थांबली तरी तुम्ही डोलत राहता. वर चांगल्या प्रतीचा दाट फोम घातला की तोच थोडा आवर घालतो. एका मालकाची गाडी मी सगळी करून दिली, तरी तो नाराज. शेवटी सीट काढली तर खालची एक पट्टी तुटून तो बराच काळ थेट लोखंडी सांगाड्यावर बसत होता.

एअरबॅग पाट्यांच्या जोडीला लावायच्या असतील तर त्या भार उचलायची मदत करतात. पाट्यांच्या कडकपणात स्वतःचा कडकपणा मिळवतात. रिकाम्या गाडीला त्यांची गरजच नाही. पाटे पूर्ण काढून हवेवर जायचं तर ॲक्सल जागच्या जागी धरायला वेगळे दांडे लागतात, कारण आज ते कामही पाटेच करतात.

स्वतंत्र सस्पेन्शन उत्तम असतं, यात वाद नाही. शेवरोलेनेच १९६० च्या पिकअपला ते पुढे दिलं, फोर्डने १९६५ मध्ये दोन तुटक आय-बीमची स्वतःची तऱ्हा काढली. पण तुमच्या गाडीत ते बसवायचं म्हणजे नवा आडवा तुळईपट्टा वेल्ड करायचा, स्टिअरिंग बदलायचं आणि पट्टा अंशभर जरी वाकडा बसला तर कायम एका बाजूला ओढणारी गाडी पदरात घ्यायची. शिवाय कापलेली चेसी पूर्ववत होत नाही. गाडी रोज लांब आणि वेगात चालवायची असेल तर जरूर विचार करा. आठवड्याला एक फेरी असेल तर मी करणार नाही.

पुढचे पाटे पुन्हा बसवताना किंगपिनचा (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं त्या उभ्या पिनेचा) खेळ आणि ॲक्सलखालच्या पाचरीची दिशा तपासा. पाचर उलटी बसली की कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकणारा कोन) जातो आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंचने आवळा, नव्या पट्ट्या दबल्या की ते हमखास ढिले पडतात. आणि त्याच दिवशी मोजपट्टी घेऊन चारही कोपरे परत मोजा.